भिंतीपलीकडची शाळा

पाय गेलेल्या माणसाला काम नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या लहानपणी आमच्या घरी यायला हवं होतं.

आमचं गाव पांझरेच्या काठी. धुळ्याला जायचं तर गाडी जुंपून पहाटे निघावं लागे. मी नीट चालायला शिकले, अंगणभर कोंबड्यांमागे धावले, आणि मग एका तापात दोन्ही पाय गेले. ताप उतरला, पाय काही परत आले नाहीत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हाडवैद्य केले, तेलं केली, नवस केले. ग्रहणात पांगळ्या लेकराला कमरेपर्यंत वाळूत पुरलं की पायांत बळ येतं, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. मग मला नदीच्या वाळूत पुरलं. मला लघवीला लागली होती, पण ग्रहणात बोलायचं नाही अशी ताकीद होती. आबा ग्रहण सुटेपर्यंत समोर उकिडवे बसून होते. ग्रहण सुटलं, मला उपसून काढलं, झटकलं, उभं केलं आणि मी खाली बसले. आबांनी मला खांद्यावर घेतलं आणि घरी आणलं. त्यानंतर उपाय थांबले. माझ्या मते तेच सगळ्यात बरं झालं.

उपाय थांबले आणि कामं सुरू झाली. घरात बायकांवर सत्ता मोठ्या मायची, म्हणजे आबांच्या थोरल्या वहिनीची. काका लवकर गेले, तिला मूलबाळ नव्हतं, पण घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या आणि त्या शोभतही होत्या. तिचं एक वाक्य मी दिवसभर ऐकायची. ‘बठेलच शेस तं दाय निवडी टाक.’ बसलेलीच आहेस तर डाळ निवड. बसलेलीच आहेस तर शेंगा फोड, वाती वळ, पाळण्याची दोरी ओढ. जणू मी हौसेनं बसले होते! माझे दंड जरा भरले तशी तिनं मला जात्यावर बसवलं आणि मग जातं आणि मी यांत घरच्यांना फरक वाटेनासा झाला. सकाळी ज्वारी, दुपारी बाजरी, सणासुदीला गहू. भावांना शाळा होती, बहिणींना शेत होतं, मला जातं होतं.

गावात आमच्यासारखी आणखी माणसं होती. एक आंधळा मारुतीच्या पारावर भजन म्हणे, एक मुका लोकांची शेतं राखी. त्यांना आंधळा आणि मुका म्हणत, मला लंगडी. मी लंगडत नव्हते, मला चालताच येत नव्हतं, पण एवढा बारकावा कोण पाहतो? नावं आम्हालाही ठेवलेली होती. ती बारशाला वापरली, नंतर कोणाला लागली नाहीत.

जातं होतं पडवीत, मागच्या भिंतीला लागून. त्या भिंतीपलीकडे गावची मराठी शाळा भरायची. खोली आमचीच, शाळेला दिलेली. धाब्याचं घर, मातीची जाड भिंत, पण वर हवेसाठी एक झरोका होता. त्यातून शाळा सगळी ऐकू यायची, दिसायची मात्र काहीच नाही. मास्तरांची तपकिरीची शिंक, छडीचा आवाज, पोरांचा गलका, आणि पाढे. बायका जात्यावर ओव्या म्हणतात. मला ओव्या शिकवायला कोणी बसलं नाही, म्हणून मी पाढे म्हणत दळायची. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. निमकीला जातं भराभर फिरे, साडेतीनच्या औटकीला अडखळे. कविता पाठ झाल्या, पुस्तकातले धडे पाठ झाले. चौथीच्या पोराला मार बसे तेव्हा त्याचं काय चुकलं ते मला आधी कळे आणि मी इकडे जात्यावर बसून खुशाल हसे. हसण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं नव्हतं.

आता कानबाईचं सांगते, कारण सगळं तिच्यामुळे झालं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे आणि घरच्याच जात्यावर दळायचे, ही आमच्या घरची रीत. ते रोट घरच्यांनीच खायचे, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही द्यायचे नाहीत. आदल्या दिवशी मोठी माय जातं धुऊन घेई, हळदकुंकू लावी आणि मला म्हणे, ‘तू तथी सरक.’ तू तिकडे सरक. देवीचं दळण, ते अव्यंग बाईनंच दळायचं. वर्षभर ज्या हाताचं पीठ सगळ्यांच्या पोटात जाई, तो हात त्या दिवशी विटाळ. मला संताप यायचा. सुट्टी मिळायची म्हणून बरंही वाटायचं. वर्षातली माझी एवढीच सुट्टी.

अशाच एका कानबाईच्या शनिवारी मी दाराशी रिकामी बसले होते आणि गावात दिपोटी आला. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. त्याची घोडागाडी वेशीवर दिसली तेव्हा मास्तरांच्या शाळेत कोणी नव्हतं. निम्मी पोरं नदीवर, निम्मी घरोघरी फुलं-पानं आणायला पळालेली. मास्तर टोपी सावरत गल्लीत धावत सुटले आणि दिसेल ते पोर धरून आत ढकलू लागले. आमच्या दाराशी येऊन थबकले. झरोका त्यांच्या बाजूनंही झरोकाच होता. जात्यावरचे पाढे त्यांनी कित्येकदा ऐकले होते. ‘तुला तर सगळं येतं की!’ म्हणाले, आणि मला काखोटीला मारून त्यांनी नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. मी शाळा पहिल्यांदा पाहिली ती अशी. इतकी लहान खोली असेल असं वाटलं नव्हतं.

दिपोटींनी दिडकी विचारली. पोरं गप्प, मी म्हटली. औटकी म्हटली. कविता म्हटली, ती चालीसकट. मास्तरांनी तपकीर ओढली, चेहरा असा की सगळं त्यांनीच शिकवलं. मग दिपोटींनी चौथीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि एक पान उघडून म्हणाले, ‘वाच.’

मी त्या पानाकडे पाहिलं. काळ्या मुंग्यांची रांग. अक्षर म्हणून मी आयुष्यात एक ओळखत नव्हते. पण धडा मला येत होता, सगळे येत होते, फक्त हा कोणता ते कळायला हवं होतं. मी म्हटलं, ‘पहिला शब्द सांगा, पुढचं मी वाचते.’

दिपोटी मोठ्यानं हसले. मास्तरांचा रंग उडाला. हातात पुस्तक धरून मी तशीच बसले. ती लाज मला अजून आठवते, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. हसणं ओसरल्यावर दिपोटींनी विचारलं, ‘मग हे सगळं शिकलीस कुठं?’ मी झरोक्याकडे बोट केलं. ते उठून झरोक्याखाली गेले, पलीकडून जात्याचा आवाज येत होता, तो त्यांनी जरा वेळ ऐकला. मग मास्तरांना म्हणाले, ‘उद्यापासून नाही, आत्तापासून हिचं नाव घाला.’ नाव विचारलं तेव्हा मास्तरांना ते माहीत नव्हतं. मीच सांगितलं.

संध्याकाळी मास्तर घरी आले. त्यांना माझा कळवळा होता असं नाही. शाळेत मुलगी असली की साहेब खूश असतात, एवढं गणित त्यांना येत होतं. ओसरीवर आबा बसले होते, मोठी माय खांबाला टेकून उभी होती. मास्तरांनी सांगितलं, साहेबांचा हुकूम आहे.

मोठी माय म्हणाली, ‘शिकीसन काय करी ती? आनि घरनं दयन कोन दयी?’

शिकून काय करणार याला मास्तरांकडे काहीबाही उत्तर होतं. दळण कोण दळणार हा मात्र खरा प्रश्न होता. घरात खाणारी तोंडं पुष्कळ. आबा माझ्याकडे पाहीनात, जात्याकडे पाहत बसले. मला कळलं की आता नाही म्हणतील. मी डोळे मिटून घेतले. शाळेत अर्धा दिवसही बसले नव्हते, आणि ती हातची जाणार होती.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला, ‘मी दयसू.’

माझी माय. शेतात निंदणी, घरात स्वयंपाक, गोठ्यात शेण. मोठ्या जावेसमोर आणि परक्या माणसासमोर तिनं तोंड उघडलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तेवढंच बोलली आणि आत गेली. आबांनी मास्तरांना म्हटलं, ‘पाठवतो.’

गावच्या सुतारानं मला बाभळीचे दोन ठोकळे करून दिले. ते मुठीत धरायचे, जमिनीवर टेकायचे आणि अंग उचलून पुढे टाकायचं. जात्यानं दंड कमावलेलेच होते. घरातून शाळेत जायला भिंतीला वळसा घालायचा, बस. तेवढ्या वाटेवर चिखल, शेण आणि लोकांची तोंडं. ‘लंगडी बॅरिस्टर व्हवावं शे,’ लंगडी बॅरिस्टर होणार आहे, असं म्हणत. मी ठोकळा जरा जोरात आपटून पुढे जाई.

अक्षरं लवकर आली, कारण धडे पाठच होते. फक्त कोणती मुंगी कोणता आवाज करते ते बघायचं होतं. आता भिंतीच्या या बाजूला मी होते आणि त्या बाजूला माय. सकाळचं निंदून ती घाईनं येई आणि दळायला बसे. जात्याचा आवाज वर्गात येई आणि मला कळे की आज ती दमली आहे, आज खांदा दुखतो आहे, आज गहू आहेत. कधी मध्येच थांबे. पुन्हा सुरू होईपर्यंत माझं लक्ष फळ्यावर लागत नसे. मी एकदा तिला विचारलं, पाढे ऐकू येतात का? म्हणाली, ‘कोनले टाइम शे ऐकाले?’ ती दळताना संध्याकाळच्या भाकरी मोजायची.

गावात चौथीपर्यंतच शाळा. पुढच्या इयत्ता मास्तरांनी मला वर्ग सुटल्यावर शिकवल्या. तोवर माणूस जरा मऊ झाला होता. फायनलच्या, म्हणजे सातवीच्या, परीक्षेला आबांनी धुळ्याला नेलं. परीक्षेच्या इमारतीला पायऱ्या होत्या. वयात आलेली लेक खांद्यावर घेऊन माझे आबा चढले, आणि पाहणारे पाहत होते. आबा परत उतरताना म्हणाले, ‘पास व्हय, मंग सगळं वसूल.’ मी पास झाले.

नोकरीचं मात्र अडलं. गावात मुलींचा वर्ग काढायचा ठरलं, मास्तरांनी माझं नाव सुचवलं. शाळा चालवणाऱ्या बोर्डातले एक गृहस्थ पाहायला आले. चांगले धोतर-कोटवाले. त्यांनी मला विचारलंच नाही, मास्तरांना विचारलं, ‘ही फळ्यावर लिहिणार कशी?’ मला राग आला की माझी जीभ सैल सुटते. मी म्हटलं, ‘मुली जमिनीवर बसतात, मी जमिनीवर बसते. एकटा फळाच उंच टांगलाय. तो उतरवा.’ गृहस्थांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी तपकिरीकडे. दोन दिवसांनी फळा खाली आला आणि मी मास्तरीण झाले.

त्याच वर्षीच्या कानबाईचं सांगायचं राहिलं. मायचा उजवा खांदा तोवर पार धरला होता. हात वर जात नसे, चोळी घालतानाही दुसऱ्याची मदत लागे. मोठी माय म्हातारी झाली होती, गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नव्हतं. बहिणी लग्न होऊन गेलेल्या, वहिनी बाळंतपणाला माहेरी. जातं धुतलं, हळदकुंकू लावलं. मी सवयीनं आपली आपण बाजूला सरकले. मोठी माय स्टुलावर बसून एकेक नाव घेत सुपात मुठी टाकू लागली. आबांची, भावांची, भावाच्या तान्ह्या पोराची. पुरुष संपले. तिनं पुन्हा गव्हात हात घातला.

आबांनी विचारलं, ‘ही कोना नावनी?’

‘मास्तरीनना नावनी,’ मोठी माय म्हणाली, आणि वरची पाव मूठही नीट मापून टाकली.

माय जात्याशी बसली, खुंट्याला हात घातला आणि ओढला. जातं अर्धं फिरलं आणि ती कळवळली. तिनं पुन्हा ओढून पाहिलं. खांदा हललाच नाही. सुपात देवीचे गहू, दळायला अव्यंग बाई एकही नाही. मोठी माय मायच्या खांद्याकडे पाहत राहिली, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

‘बठेलच शेस तं...’ ती म्हणाली, आणि तिला ते वाक्य पुरं करता आलं नाही.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. इतकी वर्षं तेच दोन हात होते. मी ठोकळे बाजूला ठेवले, सरकत जात्याशी गेले आणि खुंटा धरला. ओव्या मला येतच नव्हत्या. मी सवायकी धरली, सव्वा, अडीच, पावणेचार, पाच, आणि देवीचे गहू दळले. माय तिथंच भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवशी तिला दुसरं काम नव्हतं. ती ऐकत होती.