कालचा फोटो, आजचा फोटो

"ही टिकली स्क्रीनवर कुणी चिकटवली?" कम्प्युटर कंपनीच्या पुण्याच्या मॅडमनं इचारलं.

मीच चिकटवली व्हती. सांगून टाकलं.

आयसीयूत मी आया म्हणून कामाला हाय. बावीस वर्साची हाय, पण समदे मला मावशीच म्हणत्यात, पन्नाशीचे डॉक्टर बी. बेडजवळ चाकावरचं एक्स-रे मशीन आणायचं, झालं की परत न्यायचं. फोटो कम्प्युटरवर येतो. आता डॉक्टरांच्या हातात मोजे, पेशंटच्या अंगात नळ्या, त्यास्नी माऊसला हात लावता येत न्हाय. मग आमचे डॉक्टर बिराजदार सर मान वर न करता म्हणायचे, "मावशी, कालचा लाव की." काल आन आज दोन्ही बगितल्याबिगर छातीत काय बदललं ते कळत न्हाय. बटणं मात्र बारीक, करडी, वर इंग्रजी. मी सातवीत शाळा सोडलेली. चुकीचं दाबलं तर दुसऱ्याच पेशंटचा फोटो यायचा. म्हणून कालच्या फोटोच्या बटणाशेजारी काचेवर टिकली लावली.

सिस्टर भडकल्या. "हितं इन्फेक्शनला जपतो आपण, आन तू टिकल्या लावत बसलीस?"

मॅनेजरसाहेब म्हणले, "उद्यापासून येऊ नकोस."

माझं बाळ अंगावर पितंय, दिवसभर गावाकडं कुंभारीत सासूजवळ असतं. मालक अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, तितं माग कधी चालू कधी बंद. घर माझ्या ड्यूटीवर चाललंय.

बिराजदार सर मास्कमधनंच बोलले, "साहेब, मला पण ती टिकली बघूनच बटण सापडतं. मलाही काढा की मग."

मॅडम हसल्या न्हायत. त्यांची कंपनी हे सॉफ्टवेअर नव्यानं करणार व्हती, आन त्या डॉक्टरांशी बोलून परत निगाल्या व्हत्या. त्यांनी ब्याग खाली ठेवली. "मावशी, उद्यापासून मी तुमच्या मागं उभी राहते. तुम्ही नेहमीसारखं काम करा."

"मागं कुणी ऱ्हायलं की माझे हात कापत्यात, मॅडम."

"कापू द्या. कापणाऱ्या हातासाठीच करायचंय हे."

साहेब हात झटकून निगून गेले. ऱ्हायली ड्यूटी.

मॅडम कागदावर स्क्रीन काढायच्या, मी बोट ठेवायची. हितं न्हाय, वर पायजे. नाव मोठं पायजे. पयलं करून आणलं ते लई झ्याक रंगाचं, पण फोटोच बारका झालेला. सर म्हणले, "लग्नपत्रिकेला चालेल हे." मॅडमनी गुमान परत नेलं.

दुसऱ्यांदा आणलं त्या दिवशी जेऊरचे एक आजोबा व्हेंटिलेटरवर व्हते, म्हंजे श्वास देणाऱ्या मशीनवर, घशातनं श्वासनळीत नळी घातलेली. त्यांची कूस बदलली आन ऑक्सिजनचा आकडा खाली यायला लागला. सरांचे दोन्ही हात गुतलेले. मी मशीन आणलं, फोटो निगाला, पळत जाऊन माऊस धरला. दाबायला कायच नव्हतं. वर आजोबांचं नाव, मराठीत, मोठं. खाली कालचा फोटो आन आजचा, आपलेआपण शेजारी-शेजारी येऊन बसलेले.

सरांनी नुसती मान वर केली. "नळी आत सरकलीय. एकाच फुफ्फुसात हवा जातीय. सिस्टर, धरा, मागं घेतो."

आकडा चढायला लागला. सिस्टरनी माझ्याकडं बगून मान डोलवली. मी भिंतीला टेकले, मला हसू आन रडू संगंच येत व्हतं.

पुढं बरे होऊन आजोबा पोराच्या हाताला धरून घरी गेले. मॅनेजरसाहेब आता पाव्हणे आले की तो स्क्रीन दावत्यात आन "आमची आयडिया" म्हणत्यात. म्हणू द्या.

यवढंच सांगते. महागाची वस्तू घेताना साहेबास्नी जरूर इचारा, पण तिच्यावर रोज हात कुणाचा असतो ते आदी बगा. फोटो आपलेआपण येत्यात, म्हणून मला आता कम्प्युटरकडं कुणी हाक मारत न्हाय. बढती म्हणत्यात ती हीच असंल.