सहीचे उपकार

“बर्फ फोड. अन् उभा कामून ऱ्हायलास, बस की तिकडं,” मळ्यावर पोचलो तसे अण्णा म्हणाले.

‘तिकडं’ म्हणजे पोत्यावर. खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. शिरूर अनंतपाळच्या पुढे आमचं गाव, आणि गावात सगळ्यात मोठा मळा अण्णांचा. चोवीस वर्षं फौजेत काढून, हवालदार म्हणून निवृत्त होऊन काही महिन्यांपूर्वी मी गावी आलो होतो. हातातल्या पिशवीत फौजेच्या कॅन्टीनमधून माझ्या कार्डावर, महिन्याच्या कोट्यात स्वस्त मिळालेल्या रमच्या बाटल्या होत्या. अण्णांसाठी.

एका पाहुण्यानं विचारलं, “हे कोण?”

“आमच्या सालगड्याचं पोरगं. मिलिटरीत व्हतं. आता सरकार घरबसल्या पोसायलंय. पेन्शन त्याची, कोटा आमचा.”

हशा झाला. काचेचे ग्लास भरले. मला पाणी दिलं, प्लास्टिकच्या ग्लासात. कारण कुणी सांगितलं नाही. सांगावं लागतच नाही. माझ्या एका शब्दावर दहा जवान जागचे हलायचे, आणि इथे मी पोत्यावर बसून बर्फ फोडत होतो. लाज वाटली. राग आला. तरी फोडतच होतो.

का? तर सही. मी भरतीला निघालो तेव्हा अण्णा सरपंच होते. माझ्या रहिवासाच्या दाखल्यावर त्यांनी सही केली. त्या एका सहीपायी आमच्या घरानं इतकी वर्षं मान खाली घातली. सुट्टीवर आलो की आधी मळ्यावर पाया पडायला. माझे आबा म्हणायचे, “त्यांच्या सहीनं तू माणसात आलास.” मलाही ते खरं वाटायचं. म्हणून अण्णांनी कोटा मागितला आणि मी देत गेलो.

पुढच्या महिन्यात लातूरला कॅन्टीनच्या रांगेत मुरुडचे एक निवृत्त सुभेदार भेटले. म्हातारा तिखट.

“इतकी पितोस का रे?”

“मी पीत न्हाई, साहेब. गावातल्या मालकाला लागती.”

त्यांनी मला रांगेतून बाजूला ओढलं. “कार्ड तुझ्या नावाचं हाय. दुसऱ्याला माल देताना सापडलास तर बंद व्हईल.”

ग्लेशियरवरच्या बर्फातल्या ड्युटीचं रांगेत बोलून झालंच होतं; आता मी सहीचं सांगितलं. ते भडकलेच.

“ग्लेशियरवर त्याची सही गेली व्हती का तू गेला व्हतास? पेन्शन म्हंजे खिरापत न्हाई. तू केलेल्या नोकरीचाच पगार हाय, मागून मिळणारा. तुझ्यामागं बायकोला मिळंल. दवाखाना बी हक्काचा. यात गावातल्या कुणाचा वाटा न्हाई. समजलं?”

समजलं. चाळिशी उलटल्यावर समजलं. माझ्या पायाची दोन बोटं त्या ग्लेशियरवर थंडीनं गेली, आणि श्रेय मी अण्णांना देत होतो! स्वतःचीच चीड आली. त्या दिवशी तेल, साबण, चहापत्ती घेतली. बाटली घेतली नाही.

संध्याकाळी मळ्यावर मुद्दाम गेलो. घरी लपून बसायचं नव्हतं.

“पिशवी कुठाय?”

“आणली न्हाई, अण्णा. इथून पुढं बी आणणार न्हाई.”

अण्णा हसले. मग हसायचे थांबले. “तुझी भरती कुणाच्या सहीनं झाली?”

“सही तुमची. नोकरी माझी.”

अण्णा खुर्चीतून उठले.

“उद्यापासून बांधावरची वाट बंद. बघतो रानात कसा जातोस.”

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून घेतलेलं माझं दीड एकर अण्णांच्या बांधापलीकडे आहे. जायला तीच वाट. घरी आबा रडायलाच लागले. “जा, पाय धर. त्यांच्याशी वैर घिऊन गावात ऱ्हाता येतंय का?” त्यांची भीती खोटी नव्हती. जन्मभर ते त्या भीतीतच जगले. मला त्यांचाही राग आला. वाटेसाठी तहसीलला अर्ज लिहायला बसलो.

सकाळी वाटेवर काटे टाकलेले होते. थोड्या वेळानं अण्णांचा गडी दारात आला.

“अण्णांनी बोलिवलंय.”

आबा लगबगीनं चपला शोधायला लागले. मी त्यांना हात धरून खाली बसवलं आणि गड्याला विचारलं, “कशाला?”

तो गांगरला. आमच्या घरातून मळ्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. बोलावलं की जायचं, एवढंच आम्हाला माहीत.

“काम असंल तर अण्णांना म्हणावं, माझ्या दारात या.”

वाट मिळेल, नाहीतर नाही मिळणार. लांबून वळसा घालून जाईन. पण मळ्यावरून हाक आली म्हणून आमच्या घरातलं कुणी आता जागचं उठणार नाही.