गोळी मिळेपर्यंत ओटीवर

खुर्ची ओढून घे गं, आणि अशी जवळ ये. मावशीचा फोन उचलायचा नाही असं ठरवलंयस ना? मग आता वाच. सणावाराला पणतीचं चित्र पाठवलं की नातं सांभाळलं असं वाटतं तुला. कान पिळायला माझा हात पुण्यापर्यंत पोचत नाही, म्हणून वाचलीस.

मी चिडलेय. तुझ्यावर थोडी, बाकीच्यांवर पुष्कळ. तू कधी दोहाला आली नाहीस, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी राहते, गुहागरकडची. इथल्या वेस्ट बे भागातल्या एका ऑफिसात हिशेब बघते, मला काकू म्हणते. तिचा नवरा आमच्या ह्यांच्याबरोबर हमद पोर्टला होता, क्रेनवर. हसरा माणूस. घरी आला की आधी स्वयंपाकघरात डोकावून विचारायचा, आज काय शिजतंय. त्याला दुसऱ्या कंपनीत बरी नोकरी लागली, नव्या विसासाठी पुन्हा मेडिकल झालं आणि रक्तात एचआयव्ही निघाला. खलास. परदेशी माणसाला त्यानंतर इथे थारा नाही. रोज सोबत डबा खाणारी माणसं त्याला विमानतळावर सोडायला गेली नाहीत, आमचे हे तेवढे गेले. हिचं रक्त तपासलं, त्यात काही नव्हतं. दोघांतलं एक तरी कमावतं हवं म्हणून ती इथेच राहिली.

पुढच्या हळदीकुंकवाला काय झालं सांगू? तिने सगळ्यांना कुंकू लावलं, आणि एक बाई बाथरूममध्ये जाऊन कपाळ साबणाने धुऊन आली. शिकलेली बाई, इंग्रजीत भांडते. मी तिच्या देखत त्या मुलीसमोर पुन्हा कपाळ पुढे केलं, आणि तिच्या हातचे दोन लाडू खाल्ले. मला डायबेटिस आहे. तरी खाल्ले.

तिकडे गावी नवऱ्याचे उपचार सुरू झाले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, औषधाने रक्तातलं प्रमाण पुरतं खाली आलं की बायकोला धोका राहणार नाही. पण तोवर तिने, लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची असते ती प्रतिबंधाची गोळी घ्यावी, आणि जवळ येण्याच्या बरेच दिवस आधीपासून घ्यावी, नाहीतर तिचा उपयोग नाही. हिची वर्षाची सुट्टी जवळ आली होती. फोनवर तो म्हणाला, "गोळी चालू करून ये. त्याशिवाय मी तुझ्याजवळ येणार नाही." तू म्हणशील, निरोध आहे ना. आहे की. पण ज्याला आपल्याच रक्ताची धास्ती बसलीय, त्याची सगळी भिस्त त्या एका रबरावर कशी बसेल?

इथल्या इस्पितळात जायला ती घाबरायची. गोळीसाठी आधी तपासणी, तपासणीसाठी इथलं ओळखीचं कार्ड, त्या कार्डाला जोडलेला विसा. रक्तात काही नसलं तरी नुसता प्रश्न विचारला म्हणून नाव कुठे नोंदलं जाईल, याची भीती. म्हणून मी म्हटलं, चल, खाली जाऊ.

खाली म्हणजे बिल्डिंगखालच्या फार्मसीत. तिथला मल्याळी भाऊ म्हणजे आमच्या सगळ्यांचा अर्धा डॉक्टर. बीपी तोच बघतो, बोटाला सुई टोचून शुगर तोच सांगतो, आणि गोड खाल्लं असेल तर रागावतोही तोच. मुलगी शाम्पूच्या कपाटापाशी पाठ करून उभी राहिली. मी काउंटरवर हात टेकून माझ्या हिंदीत त्या गोळीचं विचारलं. त्याला वाटलं मी कुणाचा निरोप घेऊन आलेय. मी म्हटलं, मलाच हवीये.

त्याने माझ्या पांढऱ्या अंबाड्याकडे पाहिलं. "आंटी, आपके लिए?"

"का, म्हाताऱ्या बाईच्या अंगात काय ताक असतं?"

क्रीम-पावडर विकणारी पोरगी फिस्सकन हसली. मग त्याची नजर शाम्पूच्या कपाटाकडे गेली आणि त्याला कळलं. आवाज खाली आणून त्याने सगळं समजावलं. ती गोळी त्याच्याकडे नव्हतीच. असती तरी आधी रक्त तपासायला हवं, मग डॉक्टरची चिठ्ठी. काही देशांत म्हणे आता फार्मसीवालाच पडद्याआड बोटातून थेंब घेतो, तपासतो आणि गोळीही देतो. मी विचारलं, मग तू का नाही? तो म्हणाला, "आंटी, सुई है मेरे पास. इजाजत नहीं है."

माझ्या साखरेसाठी जे बोट चालतं, तेच तिच्या संसारासाठी चालत नाही. हा कसला नियम? कोण बसवतं हे नियम? ज्यांची बायको-मुलं एका छताखाली झोपतात, तेच ना?

मग एका खाजगी दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या बाईने सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं विचारलं, कसली टेस्ट, कशासाठी, नवरा कुठे असतो. मुलीने पर्स उचलली आणि बाहेर पडली.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला, ती गोळी तुझ्याकडून मिळेल का म्हणून. तुझं स्वतःचं मेडिकल आहे, भिंतीवर फार्मसीची पदवी टांगलीय. तू म्हणालीस, "मावशी, चिठ्ठीशिवाय मी देणार नाही. आणि तू कशाला या भानगडीत पडतेस?"

पहिलं वाक्य मला मान्य आहे. चिठ्ठी हवी, तपासणी हवी, आणि कुणाच्या बॅगेत औषधं लपवून आणणं मलाही नको. पण भानगड? लग्नाच्या बायकोने नवऱ्याजवळ जायचं, ही भानगड? काउंटरमागे बसून तू असं बोललीस, तर तुझ्यासमोर शाम्पूच्या बाटल्या वाचत उभ्या राहणाऱ्या बायका कुठे जायच्या?

ती तशीच गावी गेली. गोळीशिवाय. त्याने शब्द पाळला. ओटीवर अंथरूण घातलं आणि तिथेच झोपायला लागला. सासूला वाटलं, सूनच त्याला किळसते. जेवताना तिने हिला वाढणं सोडलं. मग जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात खेपा झाल्या, तपासणी झाली, गोळी मिळाली, आणि तिचा असर होण्याची वाट बघण्यात सुट्टी सरली. अगदी शेवटी शेवटी त्याने अंथरूण आत आणलं. "काकू, आम्ही बोलतच बसलो," ती मला म्हणाली. "एवढं बोलायचं साठलं होतं. आणि मग टॅक्सी आली."

आता त्याचे रिपोर्ट सुधारतायत. पुढच्या वर्षी गोळी लागणारही नाही, इन्शाल्ला. पण ते वर्ष पुढचं आहे. हे गेलेलं कोण परत देणार? म्हणून माझा राग निवत नाही.

परवा तिने विचारलं, काकू, तुमची भाची औषधांतलं जाणते ना, तिला दोन गोष्टी विचारू का? फोनवर नको म्हणाली, भिंतीला कान असतात. म्हणून सांगते, तू ये. औषधं आणू नकोस, येताना बरोबर फक्त तुझं डोकं आण, आणि ते भानगडबिनगड तिकडेच ठेव. खालच्या भावाशीही बोल, तुम्हा दोघांचा धंदा एकच. मी आंबोळ्या करीन. ती तुझ्यासमोर बसेल आणि तू तिचं सगळं ऐकून घेशील, एवढंच काम आहे. विसाचं काय ते हे बघतील. तू तिकीट काढ, आणि लवकर ये गं.