पिवळ्या घाणेरीचा उतार

राजूरला आमच्या घरासमोर मुरमाचा उतार आहे. घर बांधलं तेव्हा दर पावसाळ्यात त्याची माती वाहून रस्त्यावर यायची आणि गणपतीच्या मंदिराकडे निघालेली माणसं चिखलावरून घसरायची. हरळी लावून पाहिली, ती जगली नाही. सदाफुली उन्हाळ्यात जळाली. शेवटी जालन्याच्या एका नर्सरीतून पसरणाऱ्या लॅन्टानाची रोपं आणली. हे झुडूप गुडघ्याच्या वर जात नाही, आडवं सरकतं, फांदी जमिनीला टेकली की तिथंच मूळ धरते आणि वर्षभर पिवळ्या फुलांनी भरलेलं असतं. पिशव्या गाडीत ठेवताना नर्सरीवाला म्हणाला होता, "घाणेरीचीच जात आहे, साहेब. जनावरं तोंड लावत न्हाईत, राखण करायचं काम न्हाई." हे मी नीट ऐकलं होतं. म्हणून आधी तेच लिहितो.

उतार भरला. माती थांबली. चतुर्थीला पायी येणारी माणसं आमच्या घरापाशी थांबून फोटो काढू लागली. ग्रामसेवक म्हणून नोकरीत मी गावोगाव झाडं लावली. त्यातली किती जगली ते मलाच ठाऊक आहे. हा उतार मात्र डोळ्यांसमोर जगला होता. त्याचा मला गर्व होता.

या झुडपाची उन्हाळ्यात छाटणी करावी लागते, नाहीतर मधे नुसत्या काड्या राहतात. अशाच एका उन्हाळ्यात छाटलेल्या पाल्याचा ढीग कंपाउंडच्या भिंतीशी पडला होता. भिंतीपलीकडच्या घरात एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून राहतात. सुनेच्या वडिलांनी लग्नानंतर तिला एक गाय दिली होती. ती गाय नुकतीच व्याली होती आणि कालवड दूध पीत होती. सून भिंतीवरून डोकावली.

"काका, फेकून राह्यले का हे?"

"हो. का गं?"

"गाईला घातलं असतं. कडबा संपत आला." तिनं एक पान चुरगळून नाकाशी धरलं. "घाणेरीवानी वास येऊन राह्यला."

"रानातली घाणेरी वेगळी. हे नर्सरीतलं आहे. बिलकुल चालतं, ने."

उन्हात तो ढीग उचलून टाकायचा मला कंटाळा आला होता. कारण एवढंच. शिवाय जनावर तोंड लावणार नाही, असं मीच मनाशी धरलं होतं. तिनं पाला बारीक चिरून कडब्याच्या कुट्टीत मिसळून घातला. भुकेल्या गाईनं खाल्ला.

दोन-तीन दिवसांत गाईनं खाणं सोडलं. ती सावली सोडेना, उन्हाकडं पाठ करून उभी राहायची. नाकपुडीवरची कातडी फाटली. जनावरांचे डॉक्टर आले तेव्हा गल्लीतली चार माणसं जमली होती. मीही गेलो, कारण अशा वेळी मला बोलावतातच.

म्हातारीनं सुनेकडं बोट केलं. "हिनंच कवळं कडवळ घातलं आसंल, सायेब. दुसरं काय?" कोवळी ज्वारी जनावराला बाधते हे आमच्याकडं पोरासोरांना माहीत असतं. त्यामुळं सगळ्यांनी माना हलवल्या.

डॉक्टरांनी गाईची पापणी उलटून पाहिली. "कडवळानं जनावर इतके दिवस काढत न्हाई, आजी. हे डोळे पिवळे पडलेत. घाणेरी खाल्ली का हिनं?"

"आपल्या शिवारात घाणेरीच न्हाई," मुलगा म्हणाला.

"नीट आठवा. आत्ता कळलं तर कोळशाची पूड पाजून पोटातलं विष ओढून घेता येतं. उशीर झाला तर माझ्या हातात काही न्हाई."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, म्हणून ती थांबली होती. मी बोलेन याची वाट पाहत होती. डॉक्टरही माझ्याकडं वळले. "तुम्ही सांगा. आसपास कुठं आहे का?"

"न्हाई," मी म्हणालो, "इकडं कुठली घाणेरी!"

गाय गेली. म्हातारी म्हणाली, "हिच्या हाताला बरकत न्हाई. आजपासून गोठ्यात पाय ठेवायचा न्हाई." मग सुनेनं नवऱ्याला खरं ते सांगितलं. तो माझ्याकडं आला, चहा घेतला आणि अवघडून म्हणाला, "काका, ही म्हनती तुमच्या पाल्यानं झालं." मी हसलो. "अरे, ते फुलझाड आहे. लोक फोटो काढतात त्याचे." तोही हसला. त्या दिवसापासून ती त्या घरात खोटारडीही ठरली.

कालवड दुसऱ्यांच्या हातून मोठी झाली. सून गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून तिला हाक मारायची, कालवड दावं ताणून तिच्याकडं यायची. मी रोज ओट्यावरून ते पाहायचो आणि उताराला पाणी घालायचो.

यंदा भाद्रपदात ती कालवड पहिल्यांदा व्यायला आली. दुपारपासून उठबस करत होती. वासराचे पाय बाहेर आले, पण ती कुणाला जवळ येऊ देईना. मुलाला लाथ बसली. सून उंबऱ्यातून ओरडत होती, "आवं, ओढू नका! तिला कळ येऊ द्या!"

"तू आत पाय ठेवू नको," म्हातारी वाटेत आडवी उभी राहिली. "आधीची घालवली, आता ही बी घालवती का?"

मी भिंतीशीच होतो. फाटकातून वळसा घालून गेलो.

"वहिनी, आत सोडा तिला. ती गाय माझ्या पाल्यानं गेली. तो घाणेरीचाच होता, मला माहीत होतं. हिनं विचारलं होतं, मीच चालतं म्हणालो. डॉक्टरांपुढं खोटं बोललो."

म्हातारी माझ्याकडं वळली. "भाऊजी, काय बोलून राह्यले तुमी?"

"खरं तेच."

सून कुणाकडं न बघता आत गेली. तिनं कालवडीच्या पाठीवर हात ठेवला, तिच्या कानाशी काहीतरी बोलली. कालवड आडवी झाली. वासरू आलं, ते जिवंत होतं. मुलगा मला म्हणाला, "काका, तुमी आता घरी जा." आवाज चढला नव्हता. मी गेलो.

दुसऱ्या दिवशी उतार खणायला घेतला. फांदी जिथं टेकली तिथं मूळ असल्यामुळं हे झुडूप सहज निघत नाही. तोडलं की खोडातून पुन्हा फुटतं. माती परत रस्त्यावर येऊ लागली आहे, माणसं विचारतात, मी कारण सांगतो. त्यांच्या घरी सांगून झालं, आता गल्लीतल्या सगळ्यांना सांगायचं आहे, म्हणून हे लिहूनही ठेवलं.

सून रोज सकाळी धार काढून झाली की भिंतीशी येते. पूर्वीसारखं विचारत नाही. काढलेली झुडपं जळाली का ते बघते, मग बोटानं दाखवते.

"काका, त्या दगडाखाली पुन्हा फुटलंय."

मी कुदळ घेऊन तिकडं जातो. मूळ हातात येईपर्यंत ती तिथून हलत नाही.