तीन रविवारांनंतरची हरकत

वटार गावात कुणी दार वाजवत नाही. फाटकातूनच हाक येते, "आल्बिना, आहेस का गं?" आणि उत्तर मिळायच्या आत माणूस ओट्यावर बसलेला असतो. त्यामुळे बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला दारावर तीन ठोके पडले, तेव्हा आल्बिनाने ओळखलं की बाहेरचं कुणीतरी आलंय.

तिचे दोन्ही हात अळूच्या पानांत होते. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, आणि त्यावर पुण्याच्या एका मुलीचा प्रश्न: 'मावशी, बेडकाची सोंगटी कुत्र्याने खाल्ली. आता काय?' आल्बिनाने नुसतं 'कुत्रा बरा आहे ना?' एवढंच विचारून ठेवलं होतं. कुत्र्याची खबर आली की मग सोंगटीचं बघू.

हे तिचं रोजचंच. तिच्या बहिणीचा मुलगा गॉडफ्रे शेजारच्याच घरात राहतो, बुधवारी घरून नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात पटावरचे खेळ बनवतो. त्याचा 'रहाट' नावाचा खेळ बऱ्यापैकी चालला. चौघांनी बसायचं, आपापली वाडी शिंपायची, केळी नि पानवेल जगवायची. डबे विकले गेले तसे लोक प्रश्न विचारू लागले, त्यांचा व्हॉट्सॲपवर चारशे जणांचा ग्रुप झाला, आणि गॉडफ्रे त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायचा, 'डिअर कम्युनिटी, वी हिअर यू.'

"ऐकलंस तर काय ऐकलंस ते लिही की," आल्बिना म्हणाली होती. "नुसते कान दाखवून काय उपयोग?"

"मग तूच लिही, मावशी."

तिने लिहिलं. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात खिडकीमागे बसलेली बाई ती. एकच प्रश्न पाचव्यांदा आला तरी विचारणाऱ्यासाठी तो पहिलाच असतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. एकदा डबे वाटेत अडकले आणि ग्रुप पेटला, तेव्हा तिने लिहिलं, 'डबे भिवंडीच्या गोदामात आहेत. मला एवढंच ठाऊक आहे. उद्या सकाळी परत विचारून सांगते.' दुसऱ्या दिवशी खरंच विचारून सांगितलं. ग्रुप थंड झाला. कुणी गमतीने विचारलंही, ही मावशी खरी आहे की कंपनीचं सॉफ्टवेअर?

खेळाचा नियम बदलायचा तर तिची एक पद्धत होती. लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. आल्बिना तसंच करायची. बदल तीन रविवार ग्रुपवर पुकारायची आणि खाली लिहायची, 'हरकत आली तर ऐकल्याशिवाय छापणार नाही. घरी येऊन सांगितलं तरी चालेल.' आजवर घरी कुणी आलेलं नव्हतं.

तिने हात पुसून दार उघडलं. साठीपासष्टीचे एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून 'रहाट'चा डबा डोकावत होता.

"आल्बिना मावशी?"

"तुमच्याएवढीच असेन मी. पण हो."

"म्हणजे खऱ्या आहात!" गृहस्थ हुश्श करून ओट्यावर टेकले. "मी दिनानाथ. नायगावच्या टॉवरमधून आलो. ग्रुपवर नाही मी, मला ते टाइप करणं जमत नाही. तुमचं पुकारणं शेजारणीने काल वाचून दाखवलं. डब्यामागे तुमचा पत्ता आहे म्हणून आलो. पिन कोड चुकलाय हं, पण रिक्षावाल्याला कुठे पिन कोड लागतो! मला हरकत घ्यायची आहे."

तिसरा रविवार होऊन गेला होता. नव्या आवृत्तीची फाइल अकरा वाजता छापखान्यात जायची होती.

"विहिरीची?" तिने विचारलं.

"विहिरीची."

जुना नियम असा की आपली विहीर आटली, की डाव्या हाताच्या शेजाऱ्याला तोंडाने विचारायचं, 'पाणी द्याल का?' त्याने द्यायचं, नाहीतर कारण सांगायचं. यात वेळ फार जातो अशी ओरड होती. म्हणून गॉडफ्रेने ठरवलं, कुणाला विचारायला नको, पाणी मधल्या ढिगातून उचला.

तिने चहा पुढे ठेवला. दिनानाथ सांगू लागले. त्यांच्या मजल्यावर सुधाकर म्हणून शेजारी. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावरून दोघांचं वाजलं, ते दीड वर्षं बोलणं बंद. समोरच्या फ्लॅटमधल्या सुरुचीला खेळायला चार माणसं हवी होती, तिने आपल्या नवऱ्याला आणि या दोघांना ओढून नेलं. सुधाकर नेमके डाव्या हाताला.

"मग विहीर आटली असेल," आल्बिना म्हणाली.

"पहिल्याच डावात! पण मी मागतो होय? केळी वाळवली, पानवेल वाळवली, तीन गुरुवार हरलो, तोंड उघडलं नाही. चौथ्या गुरुवारी सुरुची म्हणाली, काका, पुठ्ठ्याचं पाणी आहे हो, मागा की! मागितलं."

"दिलं त्यांनी?"

"म्हणाला, कपाट चार बोटं सरकवा, मग देतो." दिनानाथांनी चहाचा घोट घेतला. "मी सरकवलं. आता रोज सकाळी 'काय, झाला का चहा?' एवढं तरी होतं."

"पण जुना डबा तुमच्याकडेच आहे. तोच खेळा ना."

"सुधाकरने नवा मागवलाय. तो छापील पुस्तकाबाहेर जाणारा माणूस नाही. कपाटाच्या वेळीसुद्धा सोसायटीची नियमावली घेऊन दारात उभा होता. मधून पाणी उचला असं छापलंत, की तो मधूनच उचलणार. मग बोलायचं कशावरून?"

आल्बिनाने कुंपणापाशी जाऊन हाक मारली. गॉडफ्रे चप्पल न घालताच आला आणि सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"मावशी, तीन रविवार तूच पुकारलेस. त्रेसष्ट जणांनी अंगठा दिलाय. एकीकडे त्रेसष्ट अंगठे आणि एकीकडे चपलांचं कपाट?"

"अंगठा म्हणजे वाचलं. होकार नव्हे."

"पण मुदत संपली ना!"

"लग्नाच्या दिवशी सकाळी कुणी हरकत घेऊन आला, तर फादर त्याला हाकलतात का रे? आत घेऊन बसवतात. ऐकल्याशिवाय छापणार नाही असं मी लिहिलंय, गॉडफ्रे. माझं नाव आहे त्याखाली."

गॉडफ्रेने घड्याळाकडे पाहिलं. मग दिनानाथांशेजारी बसून विचारलं, "काका, कपाट सरकवल्यावर त्यांनी पाणी किती दिलं?"

"दोन. एकच लागत होतं."

तो उठला आणि लॅपटॉप आणायला घरी गेला. पावणेअकराला विहिरीचा नियम परत जागेवर आला, आणि मधून उचलायची पद्धत 'घाईत असलेल्यांसाठी' म्हणून शेवटच्या पानावर गेली. आल्बिनाने ग्रुपवर लिहिलं, 'विहीर राहते. हरकत आली, ऐकली. कुणाची ते सांगत नाही.' पुण्याच्या मुलीने तिथेच कळवलं की कुत्रा ठणठणीत आहे. मावशीने तिला नवा बेडूक कबूल केला.

दिनानाथ अळूची जुडी घेऊन परत निघाले. त्यांची रिक्षा वळेपर्यंत गॉडफ्रे डब्याची मागची बाजू पडद्यावर उघडून बसला होता. पत्त्याच्या जागी आता स्कॅन करायचा काळा चौकोन होता.

"पत्ता काढलाय, मावशी. नाहीतर उद्यापासून रोज कुणीतरी दार वाजवेल. त्याऐवजी तुझं नाव टाकतो ठळक, 'कम्युनिटी मॅनेजर'. इतकी वर्षं करतेयस, तुला काहीतरी हवंच असेल ना?"

आल्बिनाने चष्मा वर करून तो चौकोन नीट पाहिला.

"नाव नको," ती म्हणाली. "पत्ता राहू दे. आणि पिन कोड तेवढा बरोबर छाप."