हार घातलेला फोटो

उस्मानाबादच्या कचेरीसमोर एक फोटोवाला मिनिटात फोटो काढून द्यायचा. लाकडी पेटीच्या काळ्या फडक्यात डोकं घालून प्रत्येकाला बजावायचा, "श्वास धरा, सोडू नका." मी तिथलाच कारकून. रिकामा दिसलो की म्हणायचा, "साहेब, बसा की जरा, पेटी चालतीय का बघू." एकदा तर त्यानं स्वतःचा पटकाही माझ्या डोक्यावर चढवला.

पुढं कामानिमित्त सोनारीला एका विधवेच्या घरी गेलो. भिंतीवर हार घातलेला मीच होतो, त्याच पटक्यात! मिशा तेवढ्या पेन्सिलीनं काढलेल्या.

बाई म्हणाली, "मालक गेले तवा घरात त्यांचा फोटो न्हवता. म्या नाकडोळे सांगितले, कचेरीपुढल्या फोटोवाल्यानं हुबेहूब काढून दिला."

मी श्वास धरून उभा. बाईनं एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.