‘इंटरनेटवरून’

विट्याच्या वाचनालयात रविवारच्या पुरवणीतल्या आरोग्याच्या मजकुराखाली लाल शाईत एकच प्रश्न असे : ‘हे कुणी लिहिलं?’ लिहिणाऱ्या कांबळे सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. ग्रंथपाल म्हणायचा, “आवं सिस्टर, पेपर खराब करताय.”

“मी न्हाई. त्यो खराबच आलाय.”

सांगलीत नेटकॅफे नुकते निघाले होते, तेव्हा त्या तिथल्या आमच्या दैनिकाच्या कचेरीत आल्या आणि एक कात्रण माझ्यासमोर ठेवलं. मनोविकाराच्या गोळ्या एकदम सोडा, औषधी मुळ्यांचं चूर्ण घ्या, असा सल्ला. लेखकाच्या जागी ‘इंटरनेटवरून’. भाषांतर माझं होतं. पुरवणीत जागा उरली की आम्ही ती अशीच भरायचो.

त्यांचा धाकटा भाऊ दिनकर, माजी सैनिक, सहा वर्षं लिथियमच्या गोळ्यांवर ठीक होता. कात्रण वाचून त्याने गोळ्या सोडल्या. आठ दिवस तो झोपला नव्हता.

“डॉक्टरचं ऐकत न्हाई. पेपरात आलंय म्हणतो. मग चुकलं ते बी पेपरात येऊ द्या. तेवढ्याच अक्षरात.”

मी त्यांना नेटकॅफेत नेलं, मूळ पान उघडलं. “खाली चला,” त्या म्हणाल्या. तळाशी नाव नव्हतं, तारीख नव्हती. चूर्ण मागवायचा फॉर्म होता. भाषांतर करताना मी तिथवर गेलोच नव्हतो. तासाभराने एका मानसोपचार संस्थेचं पान सापडलं. डॉक्टरांची नावं, तारीख, संदर्भ. गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत, हे स्वच्छ लिहिलेलं.

“हितं माणूस हाय,” सिस्टर म्हणाल्या. “ह्याला जाब इचारता येतोय.”

त्या पानाच्या आधाराने मी दुरुस्ती लिहिली. संपादकांनी ती काढून टाकली. “एका माणसासाठी पेपरनं नाक घासायचं का?” रविवारी त्या जागी मोरावळ्याची कृती छापून आली. सिस्टरनी तो अंक एसटी स्टँडवरच उघडून पाहिला होता.

बुधवारी दिनकर नदीत सापडला. सिस्टरनी कचेरीत फोन केला. आवाज चढलेला नव्हता.

“त्याच्या खिशात बी तुमचं तेच कात्रण हाय. भिजलंय. पण वाचता येतंय.”

मी नोकरी सोडली नाही. संपादकांना पुढे पुरस्कार मिळाला.

सिस्टर वारल्यावर मी विट्याला गेलो. वाचनालयाच्या जुन्या फायलीत चूर्णाच्या सल्ल्याचा तो अंक होता, लाल प्रश्नासकट. त्याखाली मी माझं नाव लिहिलं. मग संपादकांचं.